‘पेशन्स’ जहाजावरील संरक्षक अंगठीबाबत

ज्याला संरक्षण मिळाले आहे, त्याला सर्वांत आधी धोक्यात उभे करणे आवश्यक असते. नाहीतर त्याचे संरक्षण झाले की नाही, हे कळायला मार्गच उरत नाही. नसाऊ बंदरातल्या चाच्यांच्या ‘पेशन्स’ या जहाजाने हे तत्त्व फार लवकर ओळखले, याबद्दल त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

या जहाजावर एक जादूची अंगठी होती. ती बोटात असली की गोळी, तलवार, सुरा यांपैकी काहीही अंगाला लागत नसे. जहाजावर कप्तानापासून जेवणातल्या कासवापर्यंत सगळे मतदानाने ठरत असल्यामुळे (चाचे पक्के लोकशाहीवादी; ज्यांना लुटतात त्यांना मत नसते, एवढेच) अंगठीही पाळीपाळीने सर्वांना मिळे. ज्याची पाळी, त्याने शत्रूच्या जहाजावर पहिली उडी मारायची. त्याला काय होणार होते?

आजवर आठ जणांनी अंगठी वापरली. त्यांपैकी आठ मेले. प्रत्येक वेळी रीतसर चौकशी झाली. तिघांनी ती चुकीच्या हातात घातली होती. दोघांच्या मनात ऐन वेळी शंका आली. एक जण बुडाला (पाण्याविषयी अंगठीने कधीच काही कबूल केले नव्हते). उरलेल्या दोघांची डोकी न सापडल्यामुळे त्यांत शंका आली होती की नाही, हे समजू शकले नाही. अंगठी मात्र आठही वेळा साधा ओरखडा न पडता परत आली. आणखी कसला पुरावा हवा?

नववी पाळी सुतार जागो ट्रेसिडरची लागली आणि पंचाईत झाली. कारण अंगठी त्यानेच केली होती. फुटक्या कंदिलाची कडी वाकवून, घासूनपुसून, मेलेल्या बिशपच्या बोटातली म्हणून त्याने ती मूठभर तंबाखूच्या बदल्यात स्वयंपाक्याच्या गळ्यात मारली होती. आठ जण मरेपर्यंत तो गप्प बसला. माणूस तसा मितभाषी.

आता मात्र जीव वाचवायला तो जहाजाचा कारभारी बार्नबी कॉइल याच्याकडे धावला.

"बार्नबी, खोटी आहे रे ती. मी केलीय, कंदिलाच्या कडीची."

"मग तर लेका, तुझ्यावर तिची जास्तच माया असणार," कॉइल म्हणाला.

तरी न्याय म्हणून मतदान घेतले. अंगठी खरी, एकाहत्तर. खोटी, एक. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी साखर घेऊन जाणारे एक जहाज गाठले. जागोने डोळे मिटून उडी मारली. त्या जहाजावर अकरा खलाशी होते आणि काळा झेंडा पाहून त्यांनी केव्हाच हात वर केले होते. एकही गोळी सुटली नाही. जागोने डोळे उघडले, अंग चाचपले आणि बराच वेळ अंगठीकडे बघत राहिला.

संध्याकाळी ती पुढच्याला द्यायची, तर हा देईना. कॉइलने कडीची आठवण करून दिली.

"कडी मी वाकवली, कबूल," जागो म्हणाला. "पण माझ्याकडून ती वाकवून घेतली कोणी?"

पुढची उडीही त्याने मागून घेतली. ते जहाज आरमाराचे निघाले. अंगठी सुखरूप असल्याचे चौकशीत आढळले.

वाचकांना जागोचे हसू येणे स्वाभाविक आहे. त्यांनी खुशाल हसावे. फक्त आधी आपल्या तर्जनीतला पुष्कराज काढून टेबलावर ठेवावा. आत्ताच नको म्हणता? बरोबर आहे. उद्या दवाखान्यातून रिपोर्ट यायचा आहे, तो आला की बघू.