विठूबाबांचा तेराव्याचा फोटो

उद्या विठूबाबांचा तेरावा होता आणि हार घालायला फोटो नव्हता. तसे शैलेशकडे वडिलांचे चारशे बारा फोटो होते. फक्त त्यांत वडिलांचा चेहरा शोधावा लागत होता.

कॅमेरा घेतल्यापासून दोन वर्षं शैलेश मोबाइलवर धडे बघून फोटो काढायला शिकत होता. माणूस मधोमध ठेवायचा नाही, कडेला ठेवायचा, बाकी जागा मोकळी सोडायची, हे त्याने फारच मनावर घेतलं होतं. कुरकुर न करता तासभर बसणारं माणूस अख्ख्या करंजाड्यात एकच होतं, ते म्हणजे बाबा. "तोंड नाय घेत काय रं?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं होतं. "बाबा, तोंड सगळेच घेतात," असं तो तोऱ्यात म्हणाला होता. आता ते आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

स्टुडिओवाला परेश पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत होता. आपटा गावी नदीकाठी पाठमोरे बाबा. मावळत्या सूर्यापुढे काळेकुट्ट बाबा. झेंडूमागे धूसर बाबा. नुसते बाबांचे हात.

"कंपोझिशन एक नंबर आहे हां," परेश म्हणाला. "पण हार कुठे घालणार? मनगटाला?"

"आधार कार्डावरचा मोठा कर ना."

"तो नको," शेजारी बसलेली शैलेशची आई, भामा, म्हणाली. "त्यात ते चोर दिसतात." लग्नाचा अल्बम तर कधीच पुरात गेला होता.

शेवटी एक सापडला. गच्चीवर अगदी डाव्या कडेला खुर्चीत बाबा, चुकून समोर बघून हसलेले. बाकी सगळी पांढरी भिंत. परेशने चेहरा कापून मोठा केला, तर त्याचे चौकोन चौकोन झाले.

"अख्खाच छापावा लागेल. बाबा कोपऱ्यात आणि पुढे भिंतच भिंत."

शैलेशला रडू फुटलं. "आये, चुकलो गं. लोक काय म्हणतील?"

भामाने उठून पडद्यावरची ती भिंत जवळून न्याहाळली.

"अख्खाच छाप," ती परेशला म्हणाली. "जागा हाय ती बरी हाय. माझी येळ आली का मना तिथंच बसवा. दुसरी फ्रेम नको."

"आये, असं काय बोलतेस!"

ती दिव्यांसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली आणि पदर सारखा केला. शैलेशने डोळे पुसत कॅमेरा उचलला.

"तू नको," भामा म्हणाली. "परेश, तू काढ. सरळ समोरून."