खरेदीचा दिवस धरावा काय?

शिंपीमामांनी शेअर घेतले ते दुपारी जेवून, आणि बरोब्बर वर्षाने त्याच तारखेला विकले ते सकाळी चहा घेऊन. हेतू साधा होता. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा. सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागे, आणि ती दोऱ्याबरोबर चार शब्दही ओवी.

करखात्याची नोटीस आली. शेअर पुरतं वर्ष ठेवले असतील, तरच नफा दीर्घमुदतीचा आणि कर कमी. खरेदीचा दिवस धरला, तर वर्ष विक्रीच्या आदल्या दिवशीच भरतं. न धरला, तर विक्रीच्या दिवशी ते अजून भरतच होतं. करखात्याने तो धरला नाही, सबब नफा अल्पमुदतीचा, कर जास्त, आणि निकाल लागेपर्यंत बँकखातं गोठवलेलं.

"अहो, एका दिवसाचं एवढं काय?" मामांनी विचारलं.

"एका दिवसाचंच तर आहे सगळं!" वकील खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

खालच्या कोर्टात मामा जिंकले. करखातं अपिलात गेलं. तिथे एक न्यायमूर्ती म्हणाले दिवस धरावा, दुसरे म्हणाले धरू नये. तिसऱ्यांनी सुवर्णमध्य काढला: खरेदी दुपारची, तेव्हा अर्धा दिवस धरावा. मात्र दुपार नेमकी कधी लागली, याचा पुरावा हवा. मामींना पिंजऱ्यात उभं केलं.

"यांचं जेवण किती वाजता आटोपलं?"

"हे गप्पा मारत जेवतात. आटोपतंय कुठे?"

कोर्टाने नोंद घेतली: जेवण प्रलंबित. प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे गेलं.

सात वर्षं गेली. मामांनी वकिलांना शिवून दिलेल्या नव्या कोटाची एक बाही चार बोटं आखूड झाली, तीच वर करून ते युक्तिवाद करत. अखेर एकशे बारा पानी निकाल आला. कराची रक्कम इतकी किरकोळ, की नियमाप्रमाणे करखात्याला अपील करताच येत नव्हतं. अपील निकाली, दिवसाचा प्रश्न योग्य प्रकरणासाठी खुला.

"म्हणजे मी जिंकलो?"

"हरला नाहीत."

"आणि डोळा?"

"तो मुद्दा आपण घेतलाच नव्हता, मामा."

बँकखातं सुटलं त्याच दिवशी मामा दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर उजेड टाकला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फार उशीर केलात. मोतीबिंदू पिकून काचबिंदू झाला. आता उजवा तरी जपा." घरी आल्यावर मामींनी हाक यायच्या आधीच सुईत दोरा ओवून ठेवला.

वाईट वाटलं ना? वाटणारच. पण खरं सांगा, नोटीस वाचल्यापासून तुम्हीही बोटांवर दिवसच मोजत होता की नाही? मग काय ठरलं तुमचं, धरायचा की नाही?