नोदिरचं यंत्र आणि चाळीस टायर

"यंदा एकाही ट्रॅक्टरला टायर कमी पडणार नाही!" फरगान्याच्या नियोजन कचेरीत नोदिरने छाती ठोकून सांगितलं.

आजवरची रीत सोपी होती. शेतसंघ फुगवून मागायचा, जिल्हा त्यावर आपली फुंकर मारायचा आणि प्रांत डोळे मिटून निम्मं कापायचा. नोदिरने जुन्या मागण्या गणनयंत्राला भरवल्या. जो जितकं फुगवतो, त्याच्या मागणीतून यंत्र तितकंच कापणार! पण फुगवणाऱ्यांत पहिला नंबर निघाला एका शेतसंघाच्या म्हाताऱ्या प्रमुखाचा, होशिम-ओतांचा. दरवर्षी चौपट! आणि शरदात त्यांच्याच मुलीशी, मुनव्वरशी, नोदिरचं लग्न ठरलेलं. कचेरीतल्या साहेबांनी हे पाहिलं तर सासऱ्यांची अब्रू जायची, म्हणून तो धावतच शेतसंघावर गेला.

ओतांनी मानाने अर्धाच पेला चहा ओतला. काठोकाठ पेला तिकडे नकोशा पाहुण्याला देतात. प्या आणि उठा.

"ओता, यंदा खरा आकडा लिहा."

"खरा?" म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. "कुणी पाठवलंय तुला?"

"कुणी नाही हो!"

"सरकारी माणूस खरं बोला म्हणाला, की मी आधी कोंबड्या लपवतो."

"अहो, मी तुमचा जावई होणार!"

"म्हणून तर जास्त संशय येतोय!"

आतून मुनव्वर खाकरली. ओतांनी कुरकुरत चाळीस लिहिले. कालव्यापलीकडच्या शेतसंघाच्या प्रमुखाला, सालोहिद्दीनला हे कळलं, तेव्हा तो डोळा मारून म्हणाला, "खरं लिहा म्हणतात? काहीतरी काळंबेरं आहे!" आणि त्याने नेहमीसारखे दुप्पट मागितले.

टायर आले. सालोहिद्दीनला हवे तेवढे बरोब्बर मिळाले. ओतांना दहा!

ऐन पेरणीत ओतांचे ट्रॅक्टर विटांवर उभे राहिले. नोदिरने यंत्र तपासलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ओता चौपट मागतात, म्हणून त्याने चौथा हिस्सा दिला. ओता यंदा सुधारलेत, हे त्याला सांगायचं कुणी? नोदिरनेच! तो साफ विसरला होता.

तोंड लपवतच तो ओतांकडे गेला.

"जन्मात एकदा खरं बोललो," ओता गरजले, "आणि तेही तुझ्या यंत्राने खोटं ठरवलं!"

"पुढच्या वर्षी नक्की सुधारतो, ओता. पण आमच्या लग्नाचं..."

 ओतांनी किटली उचलली आणि चहा ओतू लागले. पेला अर्धा झाला. ओता थांबेनात. पाऊण झाला.  पडद्याआड मुनव्वरने कपाळावर हात मारला.

यंदाच्या अख्ख्या वाटपात बिचाऱ्याच्या पदरात काठोकाठ पडलं ते एवढंच!