वल्ह्यासाठी खारीवर स्वारी

"पिस्तुलावर दुर्बीण बसवलीयस, की दुर्बिणीला पिस्तूल लोंबतंय रे, व्हर्लिन?"

"तुला काय कळतंय त्यातलं, ओझेला? बाबांच्या गंजक्या बंदुकीनं छर्रे उडवण्यात जन्म गेला तुझा!"

"गेला ना! आणि दर साली रश्श्यात खारी माझ्याच पडल्या. तू नुसता कढईपाशी उभा राहून वल्हं फिरवतोस. जसं काय जहाजच चालवतोयस!"

कलहास तोंड येथे लागले, म्हणोन लिहिणेही येथूनच. केंटकी प्रांती, मडलिक खोऱ्यात, ऑगस्टाचे तिसरे शनिवारी, खारींच्या शिकारीचा मोसम उघडला ते दिवशी, अखंडबडबडविभूषित श्रीमंत व्हर्लिन स्टिडम बहाद्दर, उमर चोपन्न, यांनी खारीवर मोहीम मांडली, तिची ही हकीकत. खरे तेच लिहिले आहे. लाज त्यांची त्यांनी बघावी.

स्टिडम कुळाचा रिवाज ऐसा, की मोसम उघडे ते दिवशी चर्चच्या आवारात लोखंडी कढई चढवावी, आणि मका, बटाटे, भेंडी व ताज्या खारी घालून रस्सा रटरटवावा, आणि तो ढवळण्यास थोरल्या धन्यांनी घडवलेले हिकरीच्या लाकडाचे वल्हे ज्याचे हाती, तो कुळाचा कर्ता. कोणास किती वाढावे, कोणी कोठे बसावे, सारे त्याचे हुकुमाने. ते वल्हे अकरा साले व्हर्लिनसाहेबांकडे होते, आणि खरे सांगावे तर त्याखेरीज त्यांजकडे दुसरे काही उरले नव्हते. गिरणीने काढले, बायको टेनेसीस निघोन गेली, आणि पिकअप नऊ दिवस अंगणात मेल्यागत उभी. बॅटरीवाल्याने दगा दिला, ऐसा साहेबांचा निकाल. बॉनेट उघडून पाहणे शानीस कमी. गाडीखाली कुरतडलेल्या टरफलांचा सडा पडला होता, तो कोणी झाडला नाही.

मग भावाबहिणीत तह जाहला, की बारा वाजायचे आत याच पिस्तुलाने एक खार पाडावी. पडली तर वल्हे तहहयात व्हर्लिनचे, न पडली तर ओझेलाचे. ओझेलाबाई थोरल्या, पहाटेच पाच खारी पाडून आलेल्या, त्या व्हर्लिनच्याच घराच्या पायरीवर शेंगा मोडीत बसल्या.

स्वारी निघाली. डोईस टोपी, कमरेस पट्टा, पाठीस थर्मास, आणि हाती ते दहा इंची नळीचे पिस्तूल, वर दुर्बीण ऐसी की उंदरावर गणपती. प्रथम साहेबांनी दुर्बीण डोळ्यास भिडवली, तो आत अमावास्या. कारण पिस्तुलाची दुर्बीण हात लांब करून पाहायची असते, आणि हे ज्या कागदावर लिहिले होते तो कागद साहेबांनी डब्यासकट फेकला होता. मग हात लांब केले, आणि अंगणातल्या झाडावर खार दिसली, परंतु ती नाचत होती. वास्तविक खार निवांत होती. नाचत होते ते हात.

मग खारीने आपला शिरस्ता दाखवला. माणूस अलीकडे, तर खार खोडापलीकडे. म्हणोन शहाणे लोक दोघे जातात, एक उभा राहतो आणि दुसरा वळसा घालून खार त्याचेकडे आणतो.

"जाऊ का रे पलीकडून?" पायरीवरून हाक आली.

"काही गरज नाही!"

मग साहेब झाडाभोवती फिरले, आणि खार फिरली, आणि साहेब फिरले. वडास सूत गुंडाळावे तैशा अकरा फेऱ्या जाहल्या, आणि घड्याळात बारास दहा कमी.

इतक्यात गनीम स्वतःच उतरला, आणि पिकअपपलीकडे उताराखालच्या कुंपणाच्या खांबावर बसोन दाणा सोलू लागला. साहेबांनी बॉनेटवर कोपरे टेकली, श्वास रोखला. दुर्बिणीत खारीची मिशी न् मिशी मोजावी ऐसी साफ. मात्र दुर्बीण बसते नळीच्या दोन बोटे वर. दुर्बीण पाहत होती खारीकडे, नळी पाहत होती बॉनेटकडे. चाप ओढला. ठो!

खांबावरील खारीने मान वळवली, दाणा संपवला, आणि सावकाश निघोन गेली. बॉनेटला भोक.

ओझेलाबाईंच्या मांडीवरील शेंगा अंगणभर सांडल्या. "गाडी पडली रे, व्हर्लिन! सोलून घे आता!"

 वल्हे गेले, हे त्यांचे चेहऱ्यावर दुर्बिणीवाचून दिसत होते. नुकसानी पाहावी म्हणोन त्यांनी नऊ दिवसांत प्रथमच बॉनेट उघडले. आत पाचोळ्याचे घरटे, तारा कुरतडून चिंध्या, इंजिनावर हिकरीच्या बियांचे कोठार, आणि कोठारावर एक गलेलठ्ठ खार आडवी, गोळी बरोब्बर डोक्यातून.

दोघांनीही आत वाकोन पाहिले. मग साहेबांची छाती हळूहळू फुगली.

"तिच्यावरच नेम होता."

"दुर्बिणीतून बॉनेटच्या आत दिसतं का रे?"

"महागातली आहे."

ओझेलाबाईंनी खार शेपटीने उचलली, उलटसुलट पाहिली. पिस्तूल तेच, खार एक, बारास चार कमी. तहाचे शब्द त्यांचेच होते. त्या घरात गेल्या, आणि खुंटीवरून वल्हे काढून भावाचे हाती दिले.

"घे. आणि कढई दर साली तुझीच गाडी नेते ना? ने मग." इतके बोलोन त्या आपल्या गाडीत, आपल्या पाच खारींसह, धुरळा उडवीत चर्चकडे निघोन गेल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली ती नमूद असे. गनीमाकडील पडले एक, आपणाकडील पिकअप एक. वल्हे तहहयात श्रीमंत व्हर्लिन स्टिडम यांजकडे राहिले. कढई दोन मणांची, चर्च चार मैल, मधे दोन चढ. श्रीमंतांनी ती एकचाकी हातगाड्यावर चढवली, वल्हे निशाणासारखे खांद्यावर घेतले, आणि कूच केले. पहिल्याच चढावर चाक रुतले, आणि स्वारी चहूकडे पाहोन ओरडू लागली, की कोण आहे रे तिकडे झाडामागे लिहीत बसलेला, ये जरा, हात लाव!

लिहिणे पुष्कळ आहे, परंतु आता निघालेच पाहिजे.