सटवाजीमामांची न फुटणारी पाटी

माझ्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, सटवाजीमामा मागून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, टोपी केवढ्याला पडली?"

मंगलाष्टकं चालू होती. मी कसाबसा "साडेतीनला" म्हणालो.

"महाग पडली," मामा म्हणाले आणि अक्षता टाकायला लागले.

मामा हिंगोलीत आमचे शेजारी. डबे, चाळण्या, घमेली असली पत्र्याची कामं करायचे. दिवसभर पत्रा ठोकायचा आणि समोर येईल त्याला भाव विचारायचा. डॉक्टरला सुईचा, कंडक्टरला शिट्टीचा, नरसीहून आलेल्या कीर्तनकाराला वीणेचा. घ्यायचं काहीच नसायचं. "भाव ठावका असला की माणूस फसत न्हाई," एवढंच सांगायचे.

अशा माणसावर एकदा स्वतःच भाव ठरवायची पाळी आली. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मामांनी न फुटणारी पाटी काढली. पत्र्याची, कडेनं लाकडी चौकट, वर काजळी आणि विटेची भुकटी घातलेला काळा रंग. रंगात त्यांचे सहा महिने गेले. कधी पेन्सिल घसरायची, कधी अक्षराबरोबर रंगही निघायचा. शेवटी जमलं. बारा पाट्या तयार झाल्या आणि मामांची झोप उडाली.

कारण पेठेतल्या शेटजींच्या दुकानात दगडी पाटी सव्वा रुपयाला मिळायची. सगळा तालुका तिच्यावरच शिकलेला.

"रुपयाला देली तं लोक म्हणतील, कायतरी खोट हाय," मामा माझ्या ओट्यावर बसून म्हणाले. "दीडला ठेवली तं म्हणतील, पत्र्याला येवढे? अन् सव्वालाच ठेवली तं म्हणतील, मंग जुनीच काय वाईट?"

"एक रुपया पंधरा पैसे ठेवा," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमी हिशोबाचं सांगून राहिले. मी लोकाच्या मनाचं इचारून राहिलो."

मग पंधरा दिवस ते लोकांची मनं तपासत हिंडले. स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकापाशी. चाळीस माणसांनी चाळीस भाव सांगितले. मामांनी शेवटी आपल्याच मनानं दीड रुपया ठरवला. "फुटत न्हाई म्हणल्यावर चार आणे जास्तीचे बराबर हायेत," म्हणाले.

बाजाराच्या दिवशी त्यांनी थेट शेटजींच्या दुकानासमोर पोतं अंथरलं. मला शाळेला सुट्टी होती, मीही गेलो. गर्दी जमल्यावर मामा स्टुलावर चढले, पाटी डोक्यावर धरली आणि सोडून दिली. असा दणका झाला की शेजारच्या गाडीचा बैल दावं तोडून भाजीत शिरला. पाटीचा एक कोपरा जरासा वाकला, बाकी जशीच्या तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विकत कोणी घेईना.

साखरा गावची एक म्हातारी पुढं आली. सोबत नात होती. तिनं पाटी बोटानं वाजवून पाहिली.

"वाजती तं झ्याक. लिहिती का?"

मामांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी पोरीचं नाव विचारलं आणि ठळक लिहिलं, 'सुमन'. पोरगी हरखली.

"केवढ्याला?"

"दीड रुपया."

"शेटजीकडं सव्वाला हाय की."

"ती फुटती, माय."

"फुटली तं दुसरी घेऊ."

"अन् दुसरी बी फुटली, तं?"

"मंग बसंल घरी," म्हातारी सहज म्हणाली. "पोरीला किती पाट्या घ्यायच्या?"

मामा त्या पोरीकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "बारा आणे दे."

मी त्यांना कोपर मारलं. एका पाटीचं नुसतं सामानच रुपयाला पडलं होतं. पण दुपारपर्यंत त्यांनी दहा पाट्या बारा आण्याला देऊन टाकल्या, त्याही पोरी सोबत असतील त्यांनाच. शेटजी दुकानातून हसत होते. दोन पाट्या उरल्या, त्या मात्र मामांनी पोत्यात गुंडाळल्या.

परतताना मी चिडून विचारलं, "काहून केलं हो असं?"

मामा मग लेकीचं बोलले. कौशी त्यांची एकुलती, डोंगरकडा गावी दिलेली, तिला आता शाळेत जाणारी पोरगी. "दुसरीत होती. दोन पाट्या फोडल्या तिनं. दुसऱ्या वक्ताला मी मारलं अन् शाळातून काढलं. तिसरी घेतली न्हाई. आता तिची चिठ्ठी येती, ती बी दुसऱ्याच्या हातची. तकलीफ असंल तं दुसऱ्याला कशी सांगंल लेकरू?"

दुसऱ्या दिवशी ते उरलेल्या दोन्ही पाट्या घेऊन डोंगरकड्याच्या गाडीत बसले. आठवड्यानं परत आले ते थेट माझ्या ओट्यावर.

"नातीला आवडली का पाटी?" मी विचारलं.

"येक नातीला देली, येक कौशीला. नातच शिकवती तिला. पाच दिवसांत नाव लिहिलं कौशीनं. वाकडंतिकडं, पण लिहिलं." मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मंग मला म्हणली, बाबा, पुसू का?"

"मग?"

"म्हणलं, राहू दे थोडा येळ."