खानझोडेकाकांचं काडतूस

ॲरिझोनातल्या चँडलरला आमच्या घरी पहिल्यांदा गणपती बसला तेव्हा खानझोडेकाका आरतीनंतर माझ्याशेजारी बसले, मोदकाची वाटी मांडीवर ठेवली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मला सांग बाप्पा, तीनशे यार्डांवर गोळी किती खाली पडत असेल?"

मला वाटलं, औषधाच्या गोळीबद्दल चाललंय. मी म्हणालो, "कोणती गोळी काका?"

"बंदुकीची."

समोरच्या काकूंनी आपल्या मुलाला हळूच जवळ ओढून घेतलं.

काका मूळचे नागपूरचे, आणि इतके शाकाहारी की केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवसाला टाळीसुद्धा वाजवत नसत. आमच्याच कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्सवरच्या रेघांची जाडी मोजायचं काम ते वीसेक वर्षं करत होते. केसाच्या जाडीत ज्याला ढिसाळपणा दिसतो, असा माणूस. सुषमाकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी बोस्टनला. आणि हा गृहस्थ एल्कच्या शिकारीसाठी काडतूस निवडत होता.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. उंचीला घोड्याएवढा, अंगाने रेड्यासारखा. ॲरिझोनाच्या उत्तरेला, उंच पाइनच्या रानात राहतो. त्याच्या शिकारीचा परवाना, ज्याला इथे टॅग म्हणतात, सोडतीत निघावा लागतो आणि लोक त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत बसतात. काकांनी शेजारच्या वॉल्टरबरोबर जोडीने अर्ज केला होता, आणि २००६ साली दोघांचे टॅग निघाले.

त्यानंतर काकांनी मला शनिवारचा चहा प्यायला बोलवायला सुरुवात केली. चहा निमित्त होतं. परसात नेऊन ते बागेचा पाइप आडवा धरत आणि म्हणत, "हे बघ. पाणी सरळ निघालं ना? पण तिकडे कुंपणाशी बघ, वाकलं. गोळीचंही असंच. सरळ कोणीच जात नाही. प्रश्न एवढाच, की कोण कमी वाकतं."

"मग जे सगळ्यात कमी वाकतं ते घ्या ना काका."

"आणि खांदा काय तुझा वापरू?"

मग पुढचा धडा. थ्री-हंड्रेड मॅग्नम: वेगवान, सपाट जाणारं, पण धक्का असा की दात मोजून घ्यावेत. सेव्हन एमएम मॅग्नम: थोडं सौम्य, "पण तेही आडदांडच." थर्टी-ऑट-सिक्स: जुनं, भरवशाचं, लांबवर जरा जास्त वाकणारं. आणि टू-सेव्हन्टी. हे नाव घेताना काकांचा आवाज मुलीला स्थळ आल्यासारखा मऊ व्हायचा.

"तीनशे यार्डांवर मॅग्नम आणि टू-सेव्हन्टी यांच्यात फरक किती? अर्धं बोट! धक्का मात्र मॅग्नमचा दीडपट. सांग, अर्ध्या बोटासाठी माणसाने खांदा काहून मोडून घ्यावा?"

"पण एवढ्या मोठ्या जनावराला लहान काडतूस पुरेल का?"

यावर ते पाइप खाली ठेवत. "दारू बेताची असली तरी चालेल, गोळी मजबूत हवी. आत गेल्यावर फुटून भुगा होणारी नको. आणि नेम छातीवर, खांद्याच्या जरा मागे. तिथे लागली तर त्याला कळायच्या आत संपतं. पोटाला लागली तर ते बिचारं दोन दिवस रानात फिरत मरतं. मग तोफ असून काय फायदा?"

ते बोलताना विनोद संपलेला असायचा.

वॉल्टरला हे बिलकूल मान्य नव्हतं. तो सत्तरीचा, तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेला, बायको केव्हाच वारलेली. तीस वर्षं त्याने थ्री-हंड्रेड मॅग्नमच वापरलं होतं. "टू-सेव्हन्टी हरणासाठी," तो कुंपणापलीकडून म्हणायचा. "एल्कसाठी पुरुषाची बंदूक लागते, प्रोफेसर." काकांना तो प्रोफेसर म्हणायचा. आदल्या वर्षी त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. पण टॅग निघाल्यावर तो आपली बंदूक घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेलाच. परत आला तो थेट घरात. पुढचे काही दिवस तो कुंपणाशी दिसला नाही.

त्याच आठवड्यात काकांनी टू-सेव्हन्टीची बंदूक विकत घेतली आणि वॉल्टरचं दार वाजवून म्हणाले, मला शिकव.

नोव्हेंबरअखेर आम्ही तिघं निघालो. मी स्वयंपाकी. सात हजार फुटांवर बर्फाचे पट्टे, पाइनचा वास, आणि माझ्या प्रेशर कुकरची शिट्टी. पहिल्या शिट्टीला वॉल्टरने कळवळून डोकं धरलं. "त्या भांड्याने इथून मेक्सिकोपर्यंतचे एल्क पळवले," तो म्हणाला, आणि खिचडी दोनदा मागून घेतली.

दुपारी वॉल्टर तंबूत आडवा झाला होता. काका बंदूक पुसत बसले होते आणि मला काहीतरी खटकत होतं. गोळी भरण्यासाठी मागेपुढे करायचा दांडा, ज्याला बोल्ट म्हणतात, तो त्यांना नीट सापडतच नव्हता. उजवा हात नळीवरून पलीकडे नेऊन ते तो ओढत होते.

"काका, हा बोल्ट डाव्या बाजूला आहे."

"हो."

"तुम्ही तर उजव्या हाताचे."

ते पुसतच राहिले. तंबूतून वॉल्टरच्या घोरण्याचा आवाज आला. वॉल्टर डावखुरा होता.

"त्याला सरळ सांगितलं असतं, तुला आता मॅग्नम झेपत नाही, तर तो आलाच नसता," काका हळू आवाजात म्हणाले. "हा टॅग त्याला पुन्हा कधी मिळायचा? त्या मैदानावरून आला ना, तेव्हा त्याला कारचं दारसुद्धा उघडता येत नव्हतं रे. मी खिडकीतून बघितलं."

"आणि तुम्हाला शिकार करायचीच नाही?"

"मला? मी डास मारताना डोळे मिटतो."

"मग इतके दिवस ही काडतुसं, या गोळ्या..."

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"सुषमा गेली ना, तेव्हा तुम्ही सगळे आलात. डबे आणलेत. पंधरा दिवसांनी सगळे आपापल्या कामाला लागले, आणि लागायलाच हवं. हा मात्र रोज संध्याकाळी यायचा. खुर्चीत बसायचा. सांत्वन वगैरे त्याला जमत नाही. त्याला बोलता येतं ते फक्त बंदुकीवर. मग तो बोलायचा आणि मी ऐकायचो. एकदा मी सहज विचारलं, गोळी खाली किती पडते? तर त्याचा चेहरा असा उजळला बाप्पा! मग दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न शोधून ठेवला. नाहीतर तो यायचा थांबला असता तर मी काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं असताना, आम्ही एका दरीच्या कडेला पालथे पडलो होतो. पलीकडच्या उतारावर एल्क एकटाच चरत होता. काकांनी आपली बंदूक वॉल्टरपुढे सरकवली आणि इंग्रजीत कुजबुजले, "मला हा डावखुरा बोल्ट जमत नाही. तू घे."

वॉल्टरने बंदुकीकडे पाहिलं, मग काकांकडे. "आता तरी खरं सांग, डावखुरी बंदूक घेतलीस कशाला?"

"दुकानात तेवढीच होती."

"प्रोफेसर," वॉल्टर म्हणाला, "तू फार वाईट खोटं बोलतोस." मग त्याने स्वतःची मॅग्नम हळूच गवतावर ठेवली आणि काकांची बंदूक उचलली.

आवाज दरीत घुमत राहिला. एल्क चार पावलं चालला, थांबला, आणि दमलेल्या माणसासारखा खाली बसला. पुन्हा उठला नाही. वॉल्टर खांदा न चोळता तसाच पडून होता. त्याचे डोळे भरले होते. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दरी उतरून चढायला आम्हाला खूप वेळ लागला. जनावर जवळून फारच मोठं होतं. पापण्यांवर अजून दंव होतं. काकांनी टोपी काढली. मग वाकून बूट काढले, बाजूला ठेवले आणि पायमोज्यांनी गवतातल्या दंवावर हात जोडून उभे राहिले. मीही काढले.

वॉल्टरने आमच्या पायांकडे पाहिलं. तो दगडावर टेकला आणि उजव्या हाताने बुटाची नाडी ओढू लागला. एका हाताने गाठ सुटेना; दुसरा हात खाली पोचेना.

काका त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नाडी सोडायला लागले.