सीडीचं अर्धं तिकीट

यष्टीत सीडीचं अर्धं तिकीट मागणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आमचे दिगूभाऊ. स्टीलच्या डब्यात दोन टॉवेलांच्या मधे सीडी निजवलेली, डबा खिडकीच्या सीटवर बसवलेला आणि स्वतः दांडीला धरून उभे.

"काका, लेकराचं वय काय?" कंडक्टर विचारायचा.

"कालच झाली," दिगूभाऊ बिनदिक्कत सांगायचे.

गाडी खदाखदा हसायची. सोबत मी असलो की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी बाहेरच्या बाभळी बघत बसायचो, ह्या माणसाची आणि माझी ओळखच नाही अशा थाटात.

आम्ही दोघं जालन्यातल्या एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात. प्रत्येक शाखेत एक सर्व्हर. व्याजदर बदलला की नवा प्रोग्राम प्रत्येक सर्व्हरवर चढवायचा. तेव्हा इंटरनेट कुठलं हो, फोन लागला तरी देव पावला! दिगूभाऊ सीडी घेऊन गावोगाव फिरायचे. पण भोकरदनला नवा प्रोग्राम लागला तरी जांब समर्थला जुनाच चालू असायचा, अन् सारख्याच ठेवीवर दोन गावांत दोन व्याजं निघायची. भांडायला लोक यायचे ते माझ्या टेबलाशी.

तोडगा काढला तोही दिगूभाऊंनीच. "सुहासराव, एकटी बाई विरजणाची वाटी घेऊन गावभर फिरती का? शेजारणीला देती. शेजारीण पुढच्या गल्लीत देती. आपण उगंच खर्चा करून राह्यलो."

मग आम्ही तीन-चार शाखांनाच सीडी पाठवू लागलो. त्यांनी कॉपी काढायची, कंडक्टरच्या हाती पुढच्या शाखेला द्यायची. अंबडनं जांब समर्थला, भोकरदननं आणखी पुढं. दिवस मावळायच्या आत सगळे सर्व्हर एकसारखे! दिगूभाऊ प्रत्येक शाखेला फोन लावून ओरडायचे, "विरजण लागलं का बराबर?" नव्या मॅनेजरांना वाटायचं, राँग नंबर.

चेअरमननी शाल-नारळ दिला. "आता दिगूभाऊंची दगदग संपली," म्हणाले. टाळ्या पडल्या. दिगूभाऊ मात्र शालीच्या दश्या ओढत बसले होते.

आणि तेव्हापासून हसनाबाद शाखेला आम्ही थेट पाठवायचो ती सीडी दरवेळी खराब निघू लागली. बाकी सगळ्या चांगल्या, हसनाबादचीच खराब. मग दुसरी सीडी डब्यात घालून दिगूभाऊ निघायचे. मी सीडीच्या कंपनीला शिव्या दिल्या, कंडक्टरला दिल्या, हसनाबादच्या धुळीलाही दिल्या.

एकदा चहाला म्हणून निघालो आणि चष्मा राहिला म्हणून परत फिरलो. बघतो तर दिगूभाऊ हसनाबादच्या सीडीवर सेफ्टी पिनेनं रेघा ओढताहेत.

"दिगूभाऊ!"

पिन खाली पडली. कानाच्या पाळ्यांपर्यंत माणूस लाल झाला. मला म्हणाले, "साहेबाला सांगू नका. आमची ही गेल्यापासून घरी कोणी 'जेवला का' म्हणून इचारत न्हाई. तिथं समदे संगं डबे सोडतात. शिपाई सरूबाई माह्यासाठी भाकर झाकून ठेवती. बाकी काही न्हाई हो."

चोर त्यांनी व्हायचं, आणि मान माझीच वर होईना. रोज त्यांच्या शेजारी बसून जेवायचो मी, तोंडासमोर पेपर धरून.

पुढच्या खेपेला त्यांनी सीडीला हातच लावला नाही. "तुम्हीच बांधा. माहा भरोसा न्हाई." मी ती दोनदा तपासली आणि स्वतः जाऊन कंडक्टरकडे दिली. दुपारी दिगूभाऊ डबा न उघडता बसून राहिले. मी पेपर बाजूला ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. हसनाबादचे मॅनेजर.

"सीडी खराब निघाली वो. दिगूभाऊला पाठवा."

"अहो, मी स्वतः तपासलीय!"

ते पलीकडं खाकरले. मग म्हणाले, "तपासली असंल. पण खराबच हाय. जल्दी पाठवा, सरूबाईनं भाकर झाकून ठेवलीय."

मी फोन ठेवला आणि निरोप सांगितला. दिगूभाऊ पुन्हा तसेच लाल झाले. उठून उभे राहिले, गळ्याला हात लावला.

"आईची आन सुहासराव, ह्या टायमाला मी न्हाई."

"माहीत आहे," म्हणालो, आणि मान खाली घालून दुसरी सीडी करायला बसलो.